पुढच्या कडीला मागून ओ

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही. आप्पांच्या घरी मी कबुली द्यायला गेलो होतो. ती दिली नाही. चहा प्यालो, आणि मिलमधल्या राउटरचं कित्येक महिने अडलेलं उत्तर तिथून घेऊन परत आलो. परतताना मी खूश होतो. रिक्षात चक्क गुणगुणत होतो. ज्या माणसाचं नाव माझ्यामुळे बुडालं, त्याच्या घरून येताना गुणगुणत होतो, एवढं सांगितलं की बाकीचं सांगणं त्यामानानं सोपं आहे.

आप्पा आमच्या गावचे. नात्यानं कुणी नाहीत, पण खान्देशातून सुरतेला आलेल्या माणसाला गावचा माणूस म्हणजे नातेवाईकच, कधी कधी त्याहून जास्त, कारण नातेवाईक गावी असतात. आमचं घर तेव्हा नवागामला आणि आप्पांचंही तिथंच, दोन गल्ल्या सोडून. मी कॉम्प्युटरचा डिप्लोमा करून घरी बसलो होतो. नव्वदच्या दशकाची अखेर चालली होती. सुरतेत तेव्हा कॉम्प्युटर म्हटलं की लोक आधी एसी कुठे बसवायचा ते विचारत. आप्पा मला एक दिवस पांडेसऱ्याला, ते काम करत त्या प्रिंटिंग मिलमध्ये घेऊन गेले. मिल सांभाळणाऱ्या धाकट्या शेठनी माझ्याकडे न बघता विचारलं, "किसका लड़का है, काका?"

"अपनाच है शेठ."

एवढ्यावर मला नोकरी मिळाली. सर्टिफिकेट मी पिशवीत घालून नेलं होतं, ते पिशवीतच राहिलं. शेठ मला पहिल्या दिवसापासून 'कॉम्प्युटर' म्हणू लागले. "कॉम्प्युटर आव्यो?" "कॉम्प्युटर जम्यो?" म्हणजे आला का, जेवला का. मिलमध्ये माझं दुसरं नाव कुणाला ठाऊक नव्हतं आणि मलाही त्याचं काही वाटत नसे.

आप्पांचं काम डिझाईन पोचवण्याचं. साड्यांची छपाई पांडेसऱ्याच्या मिलमध्ये आणि विक्री रिंगरोडच्या मार्केटातल्या दुकानात. नवीन डिझाईन तयार झालं की त्याचा कागद दुकानात जायचा, तिथं थोरले शेठ त्यावर बोट ठेवून रंग सांगायचे, आणि कागद परत यायचा. सुरतेत डिझाईन म्हणजे जीव. आज दुकानात टांगलेली साडी परवा समोरच्या दुकानात निम्म्या भावात दिसते. म्हणून हे काम वाटेल त्याला देत नसत. आप्पांनी त्यासाठी पत्र्याची एक लांब नळी करून घेतली होती, दोन्ही तोंडांना झाकणं. ती पाठीला तिरकी बांधून ते लुनावर बसायचे. वाटेत चहालाही थांबायचे नाहीत. मिलमधले लोक म्हणायचे, काका तोफ घेऊन निघाले.

मग धाकटे शेठ मुंबईला जाऊन काहीतरी बघून आले. तिथल्या कुणा व्यापाऱ्यानं त्याची गोडाऊन आणि दुकान कॉम्प्युटरनं जोडली होती. शेठनी मला बोलावून सांगितलं, मिल आणि दुकान एक कर. डिझाईन इथं उघडलं की तिथं दिसायला पाहिजे, आणि मधे कुणाला दिसता कामा नये.

यासाठी जे सॉफ्टवेअर लागतं त्याला व्हीपीएन म्हणतात. आज ते फोनमध्येही असतं. तेव्हा मी ते मासिकाबरोबर आलेल्या एका सीडीवरून काढलं होतं. इंटरनेट म्हणजे सार्वजनिक रस्ता. त्या रस्त्यावरूनच, पण आतून बंद असा आपला खासगी मार्ग काढायचा. त्याला टनल म्हणतात. शेठ कधी, कधी करत दिवसातून दोनदा विचारायचे, "टनल क्यारे चालू थशे?" हे ऐकून आप्पांनी एकदा जेवणाच्या सुट्टीत मला बाजूला घेतलं.

"टनल म्हंजे बोगदाच ना रे?"

"हो आप्पा."

"पांडेसराथून रिंगरोडपावत?"

"हो."

"मंग खोदी कोन ऱ्हायना? माले तर रस्तामा कोनीच दिसत नही."

मी समजावून सांगितलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं आणि पाठीवरच्या नळीवर टिचकी मारली. "मंग आते मना बोगदाले सुट्टी, आसं सांग ना." ते हसले. मीही हसलो. तेव्हा खरंच नुसता विनोदच होता.

या बोगद्याचं मिलकडचं तोंड म्हणजे राउटर. विकतचा राउटर शेठना महाग वाटला, म्हणून मी एका जुन्या कॉम्प्युटरलाच राउटर केलं. आतल्या तारा एका बाजूला, बाहेरची लाइन दुसऱ्या बाजूला, आणि कुठली वस्तू कुठल्या वाटेनं पाठवायची हे ठरवणारा हा मधला. जसा घराला पत्ता असतो तसा इंटरनेटवर प्रत्येक यंत्राला आकड्यांचा पत्ता असतो. लाइन देणाऱ्या कंपनीनं मिलला एकाऐवजी पत्त्यांचा अख्खा जुडगा दिला होता. एक पुरला असता. पण मिळालेली वस्तू न वापरता पडून राहिली की शेठना झोप लागत नसे. म्हणाले, "आप्यां छे तो बधां लगावी दे." मी सगळे पत्ते त्या एकाच राउटरला चिकटवले. पहिला पत्ता रोजच्या कामाला आणि तिसरा बोगद्यासाठी राखीव, असं माझ्या मनात होतं. ते राउटरला सांगायला हवं, हे मला ठाऊक नव्हतं.

झालं असं की दुकानातला कॉम्प्युटर मिलला हाक मारायचा. मिलच्या राउटरला हाक ऐकू यायची, तो ओ द्यायचा, तसं त्याच्या पडद्यावर दिसायचं. आणि दुकानातला कॉम्प्युटर म्हणायचा, कुणीच ओ देत नाही. मी लुनावर बसून दुकानात जायचो, तिथं सगळं बरोबर. परत मिलमध्ये यायचो, इथंही सगळं बरोबर. दोघेही खरं बोलत होते आणि बोलणं होत नव्हतं. विचारायला शहरात कुणी नव्हतं. ज्यांना विचारलं ते म्हणाले, फॉरमॅट मारून बघ.

दिवाळी आली. मिल बंद झाली, बॉयलर थंड झाले, कामगार गाठोडी घेऊन खान्देशाच्या गाड्या धरायला निघून गेले. सुरतेतले व्यापारी दिवाळीला कुलूप लावतात ते लाभपाचमेला मुहूर्तानं उघडतात. त्या दिवशी जे सुरू होईल ते वर्षभर चालतं अशी श्रद्धा. शेठनी मला बजावलं होतं, टनल लाभपाचमे. मी गावी गेलो नाही. रिकाम्या मिलमध्ये एकटा बसून राहिलो. लाभपाचमेच्या आदल्या दुपारी माझा धीर सुटला.

त्या सॉफ्टवेअरमध्ये एक फाइल असते. ती विचारते, तुझा पत्ता कोणता? समोरच्याचा पत्ता कोणता? जिथं तुम्ही चार शून्यं लिहाल तिथं त्याचा अर्थ होतो, कोणताही. कुणीही हाक मारो, कुठूनही ओ येवो, चालेल. जिथं जिथं पत्ता मागितला होता तिथं तिथं मी शून्यं भरली. मिलकडे भरली, दुकानात जाऊन तिथंही भरली. बोगदा चालू झाला.

यातली एखादीच शून्याची जागा पुरेशी होती. कुठली, ते मी शोधलं नाही. चालू झालंय ना, मग कशाला हलवा.

आता फक्त परवलीचा शब्द तेवढा राखणदार होता. तो ज्याला माहीत तो आपला. तो शब्द शेठनीच सुचवला होता, मुहूर्ताला साजेसा. शुभलाभ. सुरतेत असं एकही दुकान नसेल ज्याच्या भिंतीवर तो शेंदरानं लिहिलेला नाही. मी तो इंग्रजी अक्षरांत टाकला आणि मला वाटलं, इंग्रजीत आहे म्हणजे झालं.

लाभपाचमेला शेठची आई आली. तिला सगळे बा म्हणत. बानं राउटरवर कुंकवाचा साथियो, म्हणजे स्वस्तिक, काढला, फूल ठेवलं, लाल-पिवळा दोरा बांधला. पंख्याच्या जाळीतून थोडं कुंकू आत गेलं. नारळ फुटला, दुकानातून फोन आला की पडद्यावर साडी दिसतेय, आणि शेठच्या डोळ्यांत पाणी आलं. बानं जाताना सगळ्यांना सांगितलं, "मुहूर्तनुं मशीन छे. हवे आने कोई अडतो नहीं."

याला हात लावायचा नाही, बंद करायचं नाही. मला पुढे कित्येकदा वाटलं की शून्यं काढायला हवीत. दर वेळी मला बाचे शब्द आठवले. खरं म्हणजे ते सॉफ्टवेअर बंद करून पुन्हा चालू करायला चहा ओतण्याइतका वेळ लागतो आणि कुणाला कळलंही नसतं. पण शून्यं काढली आणि बोगदा पुन्हा बंद पडला, तर? मी श्रद्धाळू कधीच नव्हतो. त्या एका बाबतीत झालो.

बोगदा सुरेख चालला. आप्पांची नळी सुटली. शेठ वाईट माणूस नव्हते, त्यांनी आप्पांना काढलं नाही. छापून आलेल्या कापडाचे नमुने तरी न्यायलाच लागतात, ते तारेतून जात नाहीत. आप्पा आता पिशवीतून नमुने न्यायचे. मला दिसले की म्हणायचे, "काय कॉम्प्युटर, आज बोगदामातीन कितल्या साड्या गयात?" मी म्हणायचो, "खूप." ते म्हणायचे, "आनि परत कितल्या उन्यात?" परत किती आल्या, या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नसायचं, त्यामुळे तो त्यांच्या आवडीचा प्रश्न होता.

मग लग्नसराईच्या तोंडावर पोपटाचं प्रकरण झालं.

आमच्या डिझायनरनं काठावर पोपटांची रांग काढली होती. त्यातल्या एका पोपटाला डोळा काढायचा राहून गेला. कॉम्प्युटरमध्ये तो पोपट आंधळा होता, म्हणून नमुन्याच्या कापडावरही आंधळाच छापला गेला. चूक लक्षात आली, दुरुस्त करून मग साड्या काढायच्या होत्या. त्याआधीच समोरच्या मार्केटातल्या एका दुकानात पोपटाच्या काठाची साडी लागली. त्यातही एका पोपटाला डोळा नव्हता.

शेठनी ती साडी केबिनमधल्या टेबलावर पसरली. शेजारी आमचा नमुना. आत मी होतो आणि आप्पा होते. बाकी कुणाला बोलावलं नव्हतं, कारण आंधळा पोपट दोनच वाटांनी बाहेर गेला असता. एक वाट आप्पांच्या पिशवीतून होती, दुसरी माझ्या तारेतून.

"काका," शेठ आप्पांना म्हणाले, "ये पोपट उड़ के वहाँ कैसे गया?"

"मैंने तो सीधा दुकानपेच दिया, शेठ. रस्ते में चाय भी नहीं पिया."

शेठ माझ्याकडे वळले. "कॉम्प्युटर, तारमांथी तो नथी गयुं ने?"

मला इथं सांगता आलं असतं की माहीत नाही. तेच खरं होतं. कोण आलं कोण गेलं याची नोंद ठेवण्याची सोय मी बंद केली होती, त्या जुन्या कॉम्प्युटरला तेवढी जागाच नव्हती. कुणी आत आलं होतं का, हे मला तेव्हा माहीत नव्हतं आणि आजही माहीत नाही. दार उघडं होतं एवढं माहीत होतं.

मी म्हणालो, "ना शेठ. एमां तो आपणो ज माणस आवी शके."

त्यात आपलाच माणूस येऊ शकतो. मी हे गुजरातीत म्हणालो. घरी मी अहिराणी बोलायचो, शाळेत मराठी शिकलो. खोटं मला गुजरातीत जास्त सफाईनं बोलता आलं, की शेठशी गुजरातीतच बोलायची सवय होती म्हणून, ते मला सांगता येत नाही.

शेठनी मान हलवली. आणि मग आप्पा बोलले. त्यांना कुणी काही विचारलं नव्हतं.

"सच बोलता है, शेठ. लड़का पढ़ेला है, मैं खुद लाया इसको. मशीन में से नहीं गया होएंगा."

दोन वाटांपैकी एक वाट त्यांनी स्वतःच बुजवली. उरली ती त्यांची. हे त्यांना त्या क्षणी कळलं नाही, पण मला कळलं. शेठनाही कळलं असावं, कारण ते साडीची घडी घालू लागले.

"तो फिर, काका?"

आप्पांनी माझ्याकडे बघितलं. माझा चेहरा कसा झाला होता कुणास ठाऊक, ते हळूच अहिराणीत म्हणाले, "घाबरू नको, पोऱ्या. तुले कोनी काय म्हनाव नही."

शेठ म्हणाले, "कल से आराम करो काका." आवाज चढवला नाही. पोलिसात जायचं नाही, बोभाटा करायचा नाही, एवढ्या वर्षांच्या माणसाचा मान ठेवायचा, असा त्यांचा विचार. पण अशा मान ठेवण्यानं माणसाला स्वतःची बाजू सांगायची जागाच राहत नाही. मार्केटात दुसऱ्या दिवशी सगळ्यांना कळलं होतं. विश्वासाचं काम आप्पांना सुरतेत पुन्हा कुणी देणार नाही हेही सगळ्यांना कळलं होतं. नवागामला त्यांचं नाव पोपट पडलं. त्यांच्या दारावरून जाणारे म्हणायचे, "काय पोपट, उडना का?" बोलणाऱ्यांच्या मनात काही फार वाईट नसायचं. गल्लीत कुणाला तरी काहीतरी म्हणायचंच असतं.

मी काही दिवस जेवलो नाही नीट. आम्ही तोवर नवागाम सोडून उधना दरवाज्यापलीकडे राहायला गेलो होतो. मग एका सुट्टीच्या दुपारी ठरवलं, आज जायचं आणि सांगायचं. वाक्य घरूनच बांधून घेतलं होतं, अहिराणीत, म्हणजे शेठसमोर बोललो त्या भाषेत नव्हे. "आप्पा, दार मी उघडं ठेयेल व्हतं." पुढचं तिथं गेल्यावर सुचेल असं वाटलं.

आप्पांच्या घराला दोन दारं. पुढचं गल्लीत उघडतं, मागचं गटाराच्या बोळात. पुढचं दार बंद होतं. मी कडी वाजवली. आतून काही हालचाल नाही. पाठीमागून, गल्लीच्या कोपऱ्यावरून कुणीतरी म्हणालं, "कोन शे?" गल्लीत माणसं एकमेकांना हाका मारतच असतात. मला वाटलं, दुसऱ्या कुणाला तरी. मी पुन्हा कडी वाजवली. पुन्हा मागून आवाज आला, "कोन शे रे?" मी दाराकडेच बघत राहिलो. तिसऱ्यांदा कडीला हात घातला तर आप्पा माझ्या खांद्याशी येऊन उभे.

"आरे भो, कव्हयना वरडी ऱ्हायनू मी! कान गावले ठेई उना का?"

"आप्पा, मी पुढची कडी वाजवली. ओ मागून कशी येईल?"

"आते मागनाच दारनी येस-जास मी. पुढे लोके बोलतस." मग ते म्हणाले, "पन ओ दिधी ना मी? मंग?"

ओ दिली ना मी, मग?

मी तिथंच उभा राहिलो. मला राउटर दिसत होता. दुकानातला कॉम्प्युटर तिसऱ्या पत्त्याची कडी वाजवतो. मिलचा राउटर ऐकतो आणि ओ देतो, पण पहिल्या पत्त्याच्या दारातून, कारण कुठल्या दारातून द्यायची हे त्याला कुणी सांगितलेलंच नाही. दुकानातला म्हणतो, मी तर त्या दाराशी उभा आहे, हा कोण मधेच बोलतोय, आणि त्याची ओ टाकून देतो. दोघेही खरं बोलतात. त्या फाइलमध्ये एक ओळ लिहायची होती. हाक ज्या पत्त्यावर आली, ओ त्याच पत्त्यावरून दे. बास. शून्यांची गरजच नव्हती.

"काय जह्यं रे?" आप्पांनी विचारलं.

"काही नाही," मी म्हणालो. मला हसू आवरत नव्हतं.

मागच्या दारानं आत गेलो. काकूंनी चहा टाकला. भिंतीच्या खिळ्याला ती पत्र्याची नळी टांगली होती, एक झाकण काढून काकूंनी त्यात लाटणं आणि उलथनं ठेवलं होतं. आप्पा सांगत होते की भेस्तानला एका लूमच्या कारखान्यात गोण्या मोजायचं काम मिळेल असं वाटतंय. काकूंनी मला विचारलं, "मिलमा काय म्हनतस यास्ना बारामा?" मी काही म्हणायच्या आत आप्पाच म्हणाले, "त्याले नको इचारू. त्यानं काम नीट चाली ऱ्हायनं, ते बास शे." मग माझ्याकडे वळून, "चाली ऱ्हायनं ना?"

"हो आप्पा. आता तर अगदी नीट चालेल."

हे मी खरंच बोललो. बांधून आणलेलं वाक्य माझ्या लक्षातच नव्हतं. ते रिक्षात आठवलं, उधना दरवाज्याच्या अलीकडे. मी विचार केला, आता परत फिरण्यापेक्षा पुढच्या वेळी. आणि पुन्हा ती फाइल मनात लिहू लागलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेठ यायच्या आत मी आधी दुकानात आणि मग मिलमध्ये शून्यं काढली. मिलच्या बाजूला मिलचा तिसरा पत्ता, दुकानाच्या बाजूला दुकानाचा. शुभलाभ काढून दुसरा शब्द टाकला. सॉफ्टवेअर बंद करून चालू केलं. बाचं कुंकू बोटाला लागलं ते पॅन्टला पुसलं. दुकानातून आलेल्या पहिल्याच हाकेला ओ गेली, त्याच पत्त्यावरून, आणि बोगदा उभा राहिला. आता त्यात खरोखरच आपलाच माणूस येऊ शकत होता. शेठला दिलेला शब्द मी असा मागाहून खरा केला. तो खरा करायला एक सकाळ पुरली, म्हणजे आप्पांना काढायच्या आधीच्या कुठल्याही सकाळी तो खरा करता आला असता.

पुढे मी मिल सोडली आणि स्वतःचं काम काढलं. माझं बरं चाललं. दोन ठिकाणं जोडायची म्हटलं की लोक मला बोलावू लागले. कुठं बोगदा उभा राहत नसेल तर मी जाऊन पहिला प्रश्न विचारतो, उत्तर कुठल्या पत्त्यावरून जातंय ते बघा. निम्म्या वेळा दुखणं तिथंच निघतं. पोरं विचारतात, सर, हे तुम्हाला कुठं सुचलं. मी सांगतो, अनुभवानं.

आप्पा भेस्तानला गोण्या मोजत राहिले, डोळे चालले तोवर. आता मुलीकडे असतात. गावच्या लग्नांत आमची भेट होते. पोपटाची गोष्ट लग्नाच्या पंगतीत अजून निघते, नवीन जावयांना सांगायला चांगली आहे. आंधळ्या पोपटाचा भाग आला की सगळे हसतात. एकदा मीही हसलो. आप्पा पलीकडे बसून जिलबी खात होते. तेही हसले, आणि माझ्याकडे बोट दाखवून शेजारच्याला म्हणाले, "याले मीच मिलमा लई गयथू. दख, आते कितला मोठा जह्या."

शेठ वारले. बा त्यांच्याही आधी गेल्या. मिलच्या जागी आता काय आहे ते मी बघायला गेलेलो नाही. ज्यांच्यासमोर आप्पांचं नाव बुडालं, त्यांच्यासमोर ते वर काढायची सोय राहिलेली नाही. माझी सगळ्यात मोठी सबब तीच आहे, आणि ती मला अलीकडे फार सोयीची वाटू लागली म्हणूनच हे लिहायला बसलो. लिहिल्यानं काही फिटत नाही. आप्पांना आता वाचता येत नाही, आणि त्यांच्या मुलीनं हे वाचून दाखवावं असं म्हणायला मला तोंड नाही.

आप्पांनी डिझाईन विकलं नाही, हे मी शपथेवर सांगू शकत नाही. कुणीच सांगू शकत नाही. पण दुसरी वाट उघडी होती, ती मी उघडी ठेवली होती, आणि विचारल्यावर ती बंद आहे असं मी सांगितलं. त्यांच्या मुलीच्या घराची पुढची कडी वाजवून, तिच्या आणि जावयाच्या देखत, मला आप्पांना ते वाक्य द्यायचं आहे. दार मी उघडं ठेयेल व्हतं. ते अजून दिलेलं नाही.